आजोबांचा शंभरचा बल्ब बारा वर्षं टिकला, मग एलईडी वर्षभरात का जातो?

एरंडोलकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: आजोबांनी ओसरीत लावलेला शंभरचा (१०० वॅटचा, तारेचा) पिवळा बल्ब बारा वर्षं चालला, आता घरातले एलईडी आठ-दहा महिन्यांत जातात आणि देवघरातला तर तीन महिन्यांच्या वर टिकतच नाही. मग एडिसनचा बल्बच चांगला होता का, कंपन्या आता मुद्दाम असा माल काढतात का, आणि परत पिवळे बल्ब आणून लावू का.

मी अमळनेर तालुक्यातला वायरमन. आयटीआय करून ३४ वर्षं झाली, धाब्याच्या घरांपासून जिनिंगपर्यंत सगळीकडे फिटिंग केलंय, आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा कोणीतरी ओट्यावर बसवून विचारतंच. म्हणून एकदाच नीट लिहितो.

तुमचा प्रश्न एक दिसतो पण आत दोन आहेत. जुना का टिकला हा एक आणि नवा का जातो हा दुसरा. लोक दोघांना मिळून एकच उत्तर देतात की पहिले माल चांगला यायचा. माझा अनुभव तसा नाही. जुना टिकला तो लाइनीमुळे, आणि नवा जातो तो बऱ्याचदा लाइनीमुळे आणि गरमीमुळे, बल्बची क्वालिटी त्याच्यानंतर येते. आता तुमच्या घरचं व्होल्टेज मी मोजलेलं नाही, घर पत्र्याचं की स्लॅबचं की धाब्याचं तेही तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे काही गोष्टी 'असं असेल तर तसं' म्हणूनच सांगाव्या लागतील.

पहिले आजोबांचा बल्ब घेऊ. १९८०-९० च्या काळात आपल्याकडे खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज काय असायचं आठवतं का? एकच डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्यावर गावठाण, त्याच्यावरच मळ्यातल्या मोटारी, त्याच्यावरच पिठाची चक्की. कागदावर २३०, घरात १७०-१८०. मी सातवी-आठवीत अभ्यासाला बसायचो तेव्हा बल्बमधली तार डोळ्यांनी मोजता यायची, नारिंगी रंगाची, वेटोळं न वेटोळं दिसायचं. आज पूर्ण २३० वर साध्या काचेच्या शंभरच्या बल्बकडे नुसतं बघायला गेलं तरी डोळ्यापुढे डाग नाचतात. तार तीच होती, तिला खायला मिळत नव्हतं.

आणि पिवळ्या बल्बचं आयुष्य व्होल्टेजवर भयंकर अवलंबून असतं. तार टंगस्टनची, चालू असताना अडीच हजार अंशांच्या वर तापते, आणि तेवढ्या गरमीत धातू हळूहळू उडत असतो, वाफ होऊन. जुना बल्ब काढून बघा, काच आतून काळपट झालेली दिसेल, ती तारेचीच वाफ बसलेली असते. तार एखाद्या जागी पातळ झाली की ती जागा जास्त तापते, जास्त तापते म्हणून अजून पातळ होते, आणि एक दिवस खटका दाबल्याबरोबर जाते. खटका दाबतानाच का जाते तेही बघण्यासारखं आहे. थंड असलेल्या शंभरच्या बल्बला मल्टीमीटर लावा, ४० ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आसपास दाखवतो, चालू असताना मात्र हिशोबाने ५२९ ओहम निघतात. म्हणजे पहिल्या क्षणाला बारा-तेरा पट करंट आत घुसतो आणि अधू झालेल्या तारेला तो धक्का झेपत नाही.

आमच्या धंद्यातला ठोकताळा असा की व्होल्टेज ५ टक्के कमी केलं तर पिवळ्या बल्बचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, आणि उजेड साधारण सहावा हिस्सा कमी होतो. हाच हिशोब १८० व्होल्टपर्यंत खाली नेला तर आयुष्य वीसपटीच्या वर जातं आणि उजेड निम्म्याच्याही खाली येतो. हजार तासांचा बल्ब, वीसपट म्हणजे वीस हजार तास, रोज पाच तास लावला तर अकरा वर्षं. तुमच्या आजोबांची बारा वर्षं इथून आली भाऊ. शंभरचा बल्ब चाळीस-पन्नासच्या बल्बएवढा उजेड देत होता, आणि तेवढ्या उजेडासाठी वीजही जास्तच खात होता. आपण ते सहन करत होतो कारण त्याच्या आधी आपल्याकडे जे होतं ते याच्यापेक्षा कितीतरी अंधुक होतं.

त्या आधीचं मी थोडं पाहिलंय. आमच्या घरी १९८० च्या पुढेमागे लाइट आली. तोपर्यंत कंदील आणि चिमणी. दिवस मावळायला आला की आजी ओरडायची, 'दिवा लाय रे भो, अंधार पडना', आणि कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे, चुलीतली राख फडक्यावर घेऊन. हात बारीक असल्यामुळे काचेच्या आत जायचा म्हणून ते लहान पोराचंच काम. काच किती काळी झालीय त्यावरून आजी सांगायची की काल वात मोठी ठेवली होती, रॉकेल रेशनचं असतं, कळतं का. तेव्हा ती काजळी म्हणजे कचरा वाटायची. पुढे आयटीआयला सर शिकवायला लागले तेव्हा समजलं की ज्योत पिवळी दिसते ती ह्या काजळीमुळेच. न जळालेल्या कोळशाचे बारीक कण ज्योतीत तापून चमकतात, तोच आपला उजेड, आणि गार झाले की तेच कण काचेवर बसतात.

ही गोष्ट डोक्यात धरून ठेवा कारण पणतीपासून पिवळ्या बल्बपर्यंतचा सगळा इतिहास ह्या एकाच वाटेवर आहे. एखादी वस्तू इतकी तापवायची की ती चमकली पाहिजे, पण संपली नाही पाहिजे. एरंडेलाच्या, करंजाच्या तेलाच्या दिव्यात तो कोळसा सारखा तयार होऊन सारखा जळत राहतो. १७८० च्या सुमाराला आर्गां नावाच्या स्विस माणसाने वात पोकळ केली, मधून हवा खेळवली आणि वर काचेची चिमणी बसवली, उजेड एकदम वाढला. नंतर रॉकेल आलं. १८५३ साली आताच्या युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरातल्या दवाखान्यात रात्रीचं ऑपरेशन रॉकेलच्या दिव्याखाली झालं, तो दिवा इग्नात्सी लुकासिएविच नावाच्या औषधविक्याने केलेला. आपल्या आजीचा कंदील त्याच घराण्यातला.

आणि गॅसबत्ती! वरातीत बाया डोक्यावर घेऊन चालायच्या, कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या उत्सवाच्या रात्री ओट्यावर टांगलेली असायची, तिचा फुस्स असा आवाज गाणी थांबली की ऐकू यायचा. तिच्यात लोक म्हणायचे रॉकेल जळून उजेड पडतो. रॉकेल जळतं ते फक्त तापवायला. उजेड देते ती जाळी, जिला आम्ही मेंटल म्हणायचो. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने १८८५ ला ती शोधली आणि १८९१ पर्यंत तिचं मिश्रण पक्कं केलं, ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि १ टक्का सेरियमचं. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि राखेसारखा सांगाडा उरतो, तोच पांढराशुभ्र चमकतो. म्हणून नवीन मेंटल एकदा पेटवलं की बत्तीला धक्का लागू द्यायचे नाहीत, बोट लागलं तरी भुगा व्हायचा. म्हणजे इथे चमकणारी वस्तू जळणाऱ्या वस्तूपासून वेगळी झाली. मला तरी ही पायरी फार मोठी वाटते, पण शाळेत कोणी सांगत नाही, डायरेक्ट एडिसनवर येतात.

आता एडिसन. त्याने एकट्याने बल्ब शोधला असं जे आपण पाठ केलंय ते तसं नाही. विजेने तार तापवून उजेड काढायचे प्रयत्न त्याच्या आधी कितीतरी जणांनी केले. इंग्लंडात न्यूकॅसलचा जोसेफ स्वान १८६० च्या सुमाराला कार्बनच्या पट्टीवर काम करत होता, पण काचेतली हवा नीट काढता येत नव्हती आणि हवेत कोळसा तापवला की तो जळणारच. १८६५ ला स्प्रेंगेलचा पाऱ्याचा पंप आला, त्याने हवा बऱ्यापैकी निघायला लागली, आणि १८७९ च्या सुरुवातीला स्वानने आपला बल्ब लोकांना दाखवला सुद्धा. पुढे इंग्लंडात दोघांनी भांडण्यापेक्षा १८८३ ला एकत्र कंपनी काढली, तिच्या मालाचं नावच एडिस्वान.

मग एडिसनचं मोठेपण कशात? वायरमनच्या नजरेने बघितलं तर लगेच कळतं. त्याने बल्बच्या आधी वायरचा विचार केला. बाकीच्यांचे कार्बन जाड, अवरोध (करंटला होणारा अडथळा) कमी, म्हणजे उजेडासाठी करंट खूप लागणार, आणि करंट खूप म्हणजे तांबं जाड. एका घराला चालेल, पण अख्ख्या मोहल्ल्याला द्यायचं तर रस्त्याखाली तांब्याच्या कांबी पुराव्या लागल्या असत्या, कोणाला परवडणार. एडिसनने तार दोऱ्यासारखी बारीक करून अवरोध शंभर ओहमच्या घरात नेला, व्होल्टेज ११० धरलं, सगळे दिवे पॅरलल, म्हणजे प्रत्येक दिवा लाइनीवर स्वतंत्र जोडला, एक गेला तरी बाकीचे चालू. आजही तुमच्या घरात मी तेच करतो. १८८२ च्या ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजघर सुरू झालं तेव्हा सुरुवातीला ४०० च्या आसपास दिवे होते, पण त्याच्यामागे जनरेटर, जमिनीखालच्या वायरी, फ्यूज, मीटर, होल्डर असं सगळं फिटिंग उभं होतं. स्क्रूचे आटे असलेला होल्डर आजही त्याच्या नावाने ओळखतात.

आणि आपल्या खान्देशातल्या कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा पहिला बऱ्यापैकी टिकलेला बल्ब पेटला, साडेतेरा तास चालला, त्याच्या आतली तार म्हणजे कापसाचा शिवणाचा दोरा होता, भट्टीत हवा न लागू देता जाळून कोळसा केलेला. पणतीत वात कापसाची आणि त्या बल्बमध्ये पण कापूसच, फक्त एकात तेल आणि हवा, दुसऱ्यात दोन्ही नाही. पुढच्याच वर्षी त्याने बांबूची चिरफळी वापरली, जपानात क्योटोजवळचा बांबू सगळ्यात चांगला निघाला, १२०० तासांच्या वर जायला लागला.

तुम्ही विचारलं एडिसनचा बल्ब चांगला होता का. तर टिकायला वाईट नव्हता, उजेडाला फारच कमी होता. कार्बनची तार जास्त तापवता येत नाही, लगेच उडायला लागते, म्हणून उजेड लालसर आणि खर्च जास्त. म्हणून टंगस्टन शोधलं, ते वितळतं ३४२२ अंशांना, धातूंमध्ये सगळ्यात वर. १९०४ ला यूस्ट आणि हानामान ह्या दोघांनी त्याची तार केली पण ती ठिसूळ होती, १९१० ला अमेरिकेत कूलिजने टंगस्टन ओढून बारीक तार काढायची रीत बसवली, आणि १९१३ ला लँगम्युरने काचेत पोकळी ठेवण्याऐवजी निष्क्रिय गॅस भरला, त्यामुळे तारेची वाफ कमी व्हायला लागली. आजोबांचा शंभरचा बल्ब म्हणजे हे १९१३ चंच डिझाइन, त्याच्यानंतर शंभर वर्षांत त्याच्यात बारीकसारीक सोडून फार बदल झाला नाही.

आता मुद्दाम करतात का हा प्रश्न. ह्यात खरं सुद्धा आहे आणि अर्धवट सुद्धा आहे. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी, ओसराम, फिलिप्स, जनरल इलेक्ट्रिकच्या बाहेरदेशीच्या कंपन्या वगैरे, फीबस नावाची टोळी बांधली. बाजार वाटून घेतले आणि घरगुती बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधी पंधराशे-दोन हजार तासांचे बल्ब मिळत होते. कोणाचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकला तर त्याला दंड, त्यासाठी नमुने तपासायची लॅब होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हे मोडलं. म्हणजे गिऱ्हाईकाला फसवलं हे खरंच आहे, मी त्याची बाजू घेणार नाही.

पण त्याचबरोबर मघाशी सांगितलेला हिशोब विसरू नका. तोच बल्ब जास्त टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते, आणि कमी तापली की उजेड कमी आणि युनिटं वाया. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावाच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतोय, त्याचे फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर येतच असतील, 'बघा जुना माल' म्हणून. त्याची तार कार्बनची आहे, आज तो जेमतेम ४ वॅट घेतो, रात्रीच्या झिरोच्या बल्बएवढा उजेड देतो, आणि तो जवळजवळ कधी बंदच केलेला नाही, म्हणजे तार सारखी तापण्या-गार होण्याचा त्रास त्याला होतच नाही. तुमच्या आजोबांचा बल्ब आणि तो बल्ब एकाच कारणाने टिकले, दोघंही अर्धपोटी चालत होते. त्याच्या उजेडात तुमच्या आईला तांदूळ निवडता येणार नाहीत.

ट्यूब आणि सीएफएलबद्दल जास्त लिहीत नाही. ट्यूब १९३८ ला अमेरिकेत विक्रीला आली, तिच्यात तार तापवून नाही तर पाऱ्याच्या वाफेतून करंट सोडून उजेड काढतात, म्हणून तेवढ्याच विजेत चार-पाच पट उजेड. आपल्याकडे तिचा त्रास वेगळा होता, १७० व्होल्टवर ती पेटायचीच नाही, नुसती टोकं लाल करून बसायची, आणि आम्ही पोरं खुर्चीवर चढून स्टार्टर फिरवत राहायचो. पिवळा बल्ब मात्र कसाही असला तरी जळायचा. खेड्यातल्या लोकांचा त्याच्यावर जीव बसला तो म्हणूनच.

एलईडीची जात मुळातच वेगळी आहे, आणि इथेच तुमच्या त्रासाचं मूळ आहे. ह्यात काही तापवायचं नसतं. लाल एलईडी १९६२ ला निक होलोन्याकने केला, पण पांढरा उजेड पाहिजे तर निळा लागतो आणि निळ्याने तीस वर्षं सगळ्यांना रडवलं. जपानच्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी तो १९९० च्या आसपास जमवला, २०१४ ला तिघांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. तुमचा बंद पडलेला बल्ब उघडून बघा, आतल्या पट्टीवर पिवळे चौकोनी ठिपके दिसतील. चिप निळी आहे, वर पिवळी पावडर आहे, दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. साध्या मेणबत्तीचा उजेड १२ लुमेनच्या (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास, शंभरच्या पिवळ्या बल्बचा तेराशेच्या आसपास, आणि ९ वॅटचा एलईडी नऊशेच्या आसपास देतो. ९ वॅटमध्ये! मी हे पहिल्यांदा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, लावून बघितलं तेव्हा मीटर बिघडला असं वाटून दुसरा मागवला होता.

पण एलईडी सुद्धा गरम होतो, फक्त वेगळ्या तऱ्हेने. पिवळा बल्ब नव्वदच्या वर टक्के वीज गरमीत घालवतो, तरी ती गरमी तो किरणांनी बाहेर फेकतो, म्हणून कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला लोक आजही तोच लावतात. एलईडीची गरमी कमी, पण ती बाहेर फेकता येत नाही, चिपमधून पट्टीत, पट्टीतून बल्बच्या अंगात आणि तिथून हवेत अशीच जावी लागते. आणि त्याच अंगाच्या पोटात ड्रायव्हर बसलेला असतो, म्हणजे २३० व्होल्टचं चिपला चालेल असं करून देणारं छोटं सर्किट. त्याच्यातला गोल डब्यासारखा कपॅसिटर गरमीला सगळ्यात हळवा, ठोकताळा असा की १० अंश वाढले की त्याचं आयुष्य अर्धं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं. वर पत्रा, खाली बंद काचेचा डोम, त्याच्या आत एलईडी. दुपारी असा डोम काढायला गेलो तर बल्बच्या मानेला बोट क्षणभर ठेववत नाही. पाकिटावर २५,००० तास लिहिलेले असतात ते चिपचा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, तो ड्रायव्हरचा वायदा नाही, आणि पत्र्याखालच्या भट्टीचा तर नाहीच नाही.

मी आतापर्यंत बंद पडलेले शेकडो बल्ब उघडले असतील. दोन प्रकार दिसतात. एकात पट्टीवरच्या एखाद्या पिवळ्या ठिपक्याच्या बरोबर मधे टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग असतो, तो एक ठिपका मेला आणि सगळे सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले) असल्यामुळे पूर्ण बल्ब गेला, हे गरमीचं किंवा जास्त करंटचं काम. दुसऱ्यात ठिपके सगळे चांगले, पण ड्रायव्हरचा कपॅसिटर फुगलेला किंवा ड्रायव्हरच्या आयसीला, म्हणजे छोट्या काळ्या चिपला, भोक पडलेलं, ते जास्त व्होल्टेजचं काम. तुम्ही पुढचा बल्ब गेला की टाकू नका, टोपी काढून हे बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळेल. फक्त होल्डरमधून काढल्यावरच उघडा, उघडा बल्ब परत लावून बघू नका, स्वस्त ड्रायव्हरमध्ये लाइनीचा करंट सरळ पट्टीवर असतो. ठिपका शॉर्ट करून बल्ब परत चालू करायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका, बाकीच्या ठिपक्यांवर भार येऊन तो आठवड्यात परत जातो आणि करताना शॉक बसायची भीती वेगळीच.

आता लाइनीचं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात पारोळ्याच्या बाजूला एका गावात कानबाईच्या रात्री फोन आला. गल्लीत मांडव, लायटिंग, बाया गाण्यांना बसलेल्या, आणि साडेनऊच्या सुमाराला सात-आठ घरांतले एलईडी, दोन टीव्ही, कोणाचा चार्जर, सगळं एकदम गेलं. मी गेलो आणि पहिल्या घरी मीटर लावला तर २९०. समोरच्या घरी १६५. पाच मिनिटांनी परत बघितलं तर आकडे बदललेले. ज्याला काम माहिती आहे त्याला एवढ्यावरून कळतं, न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, सुटलाय. तीन फेजवर (डीपीतून करंट घेऊन येणाऱ्या तीन तारांवर) वाटलेल्या घरांना बांधून ठेवणारा न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर भार कमी तिथलं व्होल्टेज चढतं आणि ज्याच्यावर जास्त तिथलं पडतं, त्या रात्री मांडवाचा भार एका बाजूला आला आणि दुसऱ्या बाजूची घरं जळाली. सगळ्यांना पहिले मेन बंद करायला लावला. लाइनमन भाऊ आले, डीपीवर न्यूट्रलच्या जोडावर पांढरी भुकटी जमलेली, खालून करपलेला, कापून नवीन जोड केला, पंधरा मिनिटांचं काम. तोपर्यंत लोक दुकानदाराला शिव्या देत होते की बल्ब डुप्लिकेट दिले.

ही मोठी घटना झाली, पण हेच छोट्या प्रमाणात कितीतरी घरांत रोज चालू असतं आणि कळत नाही. बोर्डातला न्यूट्रल लिंकचा स्क्रू ढिला, मीटरपाशी ॲल्युमिनियम आणि तांब्याची नुसती पिळलेली जोडी, होल्डरची पितळी पट्टी दबलेली. प्रत्येक ठिकाणी बारीक ठिणगी आणि प्रत्येक ठिणगीला ड्रायव्हरवर मार. शिवाय आता बऱ्याच गावांत शेतीचा फीडर (वीज आणणारी मोठी लाइन) वेगळा झालाय, त्यामुळे गावठाणाला रात्री भार नसला की २५० च्या वर सुद्धा जातं. म्हणजे आजोबांच्या वेळी १८० होतं आणि आता रात्री २५०, बल्बची तुलना करताना हे कोणी धरतच नाही. त्या २५० वर आजोबांचा बल्ब लावला असता तर हजार तास सोडा, निम्मेही काढले नसते.

देवघराचं मला वेगळं वाटतं. तीन महिने म्हटलंत, पण तो रोज किती तास असतो? बऱ्याच घरी देवघरातला दिवा रात्रंदिवस चालू असतो. तसं असेल तर तीन महिने म्हणजे २१६० तास, पूर्ण व्होल्टेजवर पिवळा बल्ब असता तर तेवढ्यात दोन गेले असते. दिव्याचं आयुष्य महिन्यांत नाही, तासांत मोजायचं. आणि लाकडी देव्हाऱ्याच्या छतात, बंद कोनाड्यात, खाली समई तेवत असेल तर तिची गरमी सरळ त्याच्यावर. तिथे ९ वॅटचा नको, अर्ध्या-एक वॅटचा छोटा लावा आणि वर हवेला जागा ठेवा.

परत पिवळे लावू का, तर माझं मत नाही. शंभरचा बल्ब रोज पाच तास म्हणजे महिन्याला १५ युनिटं. जवळपास तेवढ्याच उजेडाचा १२ वॅटचा एलईडी दोनाच्या आत. युनिटला तुमच्या वीजबिलाच्या स्लॅबप्रमाणे सात-आठ रुपये धरा, एका दिव्यामागे महिन्याला नव्वद-शंभर रुपये वाचतात. म्हणजे एलईडी आठ महिन्यांत गेला तरी तो स्वतःची किंमत कितीदा देऊन गेला. २०१४ ला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते ते २०१६ पर्यंत ३८ वर आलं, म्हणून आज गरिबाच्या घरीही चार खोल्यांत चार दिवे आहेत, आणि कंदिलाची काच पुसलेल्या माणसाला हे फार मोठं वाटतं. स्वस्ताईचा तोटा एवढाच की काही मालात ड्रायव्हर पार छोटा करून चिपच्याच पट्टीवर बसवतात, दुकानात त्याला डीओबी म्हणतात, ते बल्ब हातात हलके लागतात आणि व्होल्टेज चढलं की पहिले तेच जातात. घेताना दोन बल्ब दोन हातांत घ्या, जड असेल तो बघा, बीआयएसचा (सरकारी मानकाचा) शिक्का बघा, सर्जचा (व्होल्टेजचा अचानक धक्का किती झेपतो त्याचा) आकडा पाकिटावर असेल तर जास्त असलेला घ्या, आणि बिल जपून ठेवा, वॉरंटीत बदलून मिळतो पण बिल नसतं म्हणून कोणी जातच नाही.

तुमच्यासाठी क्रम असा लावा. संध्याकाळी सात-आठला, पहाटे दोन-तीनला आणि दुपारी, अशा तीन वेळा बोर्डावर व्होल्टेज मोजा, मल्टीमीटर नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून प्लगमध्ये लावायचा छोटा डिजिटल मीटर घ्या, दोन-तीनशेत येतो. दिवे अधूनमधून उजळतात-मंद होतात का तेही बघा, एका खोलीत उजळले आणि शेजाऱ्याकडे मंद झाले तर वेळ न घालवता मेन बंद करा आणि न्यूट्रलसाठी लाइनमनला बोलवा, खांबावर स्वतः किंवा गावातल्या कोणा हौशी पोराला चढवू नका. घरातले न्यूट्रलचे स्क्रू मेन बंद करून वायरमनकडून आवळून घ्या. आकडे २५० च्या वर जात असतील तर मेनला जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा प्रोटेक्टर बसवा, नुसत्या अर्थिंगने हे थांबत नाही, अर्थिंग माणसासाठी आहे. पत्र्याच्या खोलीतले बंद डोम काढून उघडे होल्डर लावा.

ते तीन आकडे, घराचं छप्पर कशाचं आहे आणि गेलेल्या बल्बच्या पट्टीवर काळा ठिपका आहे की नाही एवढं लिहा, मग पुढचं नक्की सांगता येईल. आणि आजोबांचा तो बल्ब चालू असेल तर फेकू नका. काच पुसून ठेवा आणि तुमच्या वायरमनला सिरीज बोर्डसाठी द्या. दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा चालू करताना आम्ही मधे शंभरचा बल्ब जोडतो, आत शॉर्ट असला तर तो फुल पेटतो आणि वस्तू वाचते. माझ्या बोर्डवर असाच एक आहे, काच अर्धी काळी झालेली, आणि शंभरचे चांगले बल्ब आता आमच्याकडच्या दुकानात मागूनही लवकर मिळत नाहीत.